विजेचा तोल

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी नावाचे गाव आहे. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. खरिपात कापूस, तूर आणि सोयाबीन, आणि ज्याच्या विहिरीला पाणी असेल त्याच्या वावरात रब्बीला गहू व हरभरा, अशी येथील शेतीची रीत आहे. याच भागातील एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. तेथे घडलेला एक लहानसा प्रसंग मी अद्याप विसरलेलो नाही.

पौष महिन्यातील थंड सकाळ होती. मी सातवीच्या वर्गावर गेलो, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा डोके टेकून गाढ झोपी गेलेला दिसला. तो मुलगा आळशी नव्हता. उलट वर्गातील चार हुशार मुलांत त्याची गणना होत असे. मी त्याला हलवून जागे केले. तो दचकून उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, रात्री लाइन होती. गव्हाला पाणी द्यायला बाबांबरोबर वावरात गेलो होतो. मी बॅटरी धरून उभा होतो."

मी त्याला रागावलो नाही. थोड्या वेळाने त्यानेच मला विचारले, "सर, दिवसा लाइन का देत नाहीत? रात्री सापाची भीती वाटते."

त्याच्या या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे काही वाचून आणि काही जाणत्या लोकांना विचारून जे मला समजले, ते आज मी तुम्हांला सांगणार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वीज ही ज्वारीसारखी नाही. सुगीला आलेली ज्वारी आपण कोठीत भरून ठेवतो आणि वर्षभर लागेल तशी काढून वापरतो. विजेचे तसे नाही. आपण बटन दाबतो आणि दिवा लागतो. त्या क्षणी दिव्यात जी वीज खर्च होते, ती जवळजवळ त्याच क्षणी कोठेतरी दूर एखाद्या वीजनिर्मिती केंद्रात निर्माण होत असते. मोठ्या प्रमाणावर वीज साठविण्याचे काही उपाय आहेत आणि ते पुढे सांगेनच. परंतु तारांमध्ये मात्र वीज साठून राहत नाही. जितकी लागेल तितकीच, आणि लागेल त्याच क्षणी, ती निर्माण करावी लागते.

लग्नाच्या पंगतीत गरम पुऱ्या वाढतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. पंगतीला माणसे थोडी असली म्हणजे आचारी थोड्या पुऱ्या तळतो. एकदम दोनशे पाने मांडली गेली की त्याची धांदल उडते. पुऱ्या कमी पडल्या तर पाहुणे उपाशी राहतात, आणि जास्त झाल्या तर वाया जातात. वीजनिर्मिती करणाऱ्यांची स्थिती या आचाऱ्यासारखीच असते. फरक इतकाच की, आचाऱ्याला पाच मिनिटांची चूक चालते. विजेच्या कामात पाच सेकंदांची चूकही महाग पडू शकते.

ती कशी, ते पाहू. आपल्या देशातील वीजनिर्मिती केंद्रे एकमेकांना तारांनी जोडलेली आहेत. या जोडणीला वीजजाळे किंवा ग्रिड असे म्हणतात. 31 डिसेंबर 2013 रोजी सोलापूर ते रायचूर ही मोठी वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेकडील जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला एका लयीत जोडले गेले. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्व जनित्रे एकाच तालावर फिरतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह दर सेकंदाला 50 आवर्तने करतो. हिला विजेची वारंवारता म्हणतात. कोळशावर चालणाऱ्या केंद्रातील जनित्र यासाठी मिनिटाला 3000 फेरे घेते.

अनेक बैलजोड्या एकाच अवजड गाड्याला जुंपलेल्या आहेत, अशी कल्पना करा. सर्वांची चाल एक आहे. वाटेत चढ लागला की ओझे जड होते, आणि बैलांनी अधिक जोर लावला नाही तर गाडा मंदावतो. उतार लागला की तोच गाडा बैलांच्या अंगावर येऊ पाहतो. विजेची मागणी वाढणे म्हणजे चढ लागणे होय. निर्मिती त्या मानाने वाढली नाही तर सर्व जनित्रांची गती किंचित मंदावते आणि वारंवारता 50 च्या खाली उतरते. मागणी एकदम घटली तर ती 50 च्या वर जाते. म्हणून नवी दिल्ली, मुंबई अशा ठिकाणच्या भार प्रेषण केंद्रांत बसलेले अभियंते या एका आकड्यावर अहोरात्र नजर ठेवून असतात.

वारंवारता फार खाली गेली तर यंत्रांना इजा पोहोचण्याचा संभव असतो. ती टाळण्यासाठी काही वाहिन्या आपोआप बंद पडतील अशी योजना केलेली असते. एका भागातील दिवे घालवून उरलेले जाळे वाचवावयाचे, हा तिचा हेतू. तोही पुरा पडला नाही तर जनित्रे स्वतःला वाचविण्यासाठी एकामागून एक जाळ्यातून सुटी होतात, आणि मग सगळीकडे अंधार पसरतो. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी आपल्या देशात असे घडले. काही राज्ये आपल्या वाट्याहून अधिक वीज ओढीत होती. काही वाहिन्यांवर पेलवणार नाही इतका भार आला. त्या तुटल्या आणि तोल गेला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील जाळी कोसळली. त्या प्रदेशांत साठ कोटींहून अधिक लोक राहत होते. आगगाड्या वाटेत थांबल्या. कोळशाच्या खाणींत उतरलेले कामगार काही तास जमिनीखाली अडकून पडले. महाराष्ट्र ज्या पश्चिम जाळ्यात होता, ते त्या वेळी बचावले.

आता मागणी कशी बदलते, ते पाहा. मध्यरात्री गावे व शहरे झोपलेली असतात, तेव्हा विजेची मागणी कमी असते. पहाट होताच पाणी तापविणे, नळाचे पाणी चढविणे अशी कामे सुरू होतात आणि मागणी चढू लागते. दिवसा कारखाने, कचेऱ्या आणि शेतीचे पंप चालतात. पाच अश्वशक्तीचा एक पंप सुमारे पावणेचार हजार वॅट वीज घेतो. म्हणजे दहा वॅटांच्या पावणेचारशे दिव्यांइतकी. दिवस मावळला की घरोघर दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच एकाच सुमारास सुरू होतात. हिवाळ्यातील मागणी निराळी, उन्हाळ्यातील निराळी. मागणीचा हा चढउतार कधीच थांबत नाही.

या चढउताराबरोबर सर्वच केंद्रे सारख्याच चपळाईने वर-खाली होऊ शकत नाहीत. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीजनिर्मिती केंद्र आहे. तेथे प्रत्येकी 250 मेगावॅटांचे दोन संच आहेत. एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. दहा वॅटांचे एक लाख दिवे एका वेळी लागतील इतकी वीज. अशा केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोराने टर्बाइन फिरवितात. हे अजस्र यंत्र एकदा थंड झाले की पुन्हा तापवून कामाला लावण्यास कित्येक तास लागतात. जाड लोखंड घाईने तापविले तर त्याला तडे जाण्याचे भय असते. म्हणून रात्री मागणी घटली तरी ते विझवून टाकणे परवडत नाही. ते मंद करता येते. परंतु त्यालाही मर्यादा आहे. 2023 च्या नियमांनी अशा संचांना पूर्ण शक्तीच्या 55 टक्क्यांपर्यंत खाली येण्याची तयारी ठेवावयास सांगितले, आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरण्याचे ध्येय ठरवून दिले. हे साधणे सोपे नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या ध्यानात येऊ लागले असेल. रात्री ही अवजड यंत्रे चालूच ठेवावी लागत होती, पण त्यांची वीज घेणारे लोक तर झोपलेले होते. उलट दिवसा आणि सायंकाळी मागणी इतकी असे की वीज पुरत नसे. मग तोल कसा साधावयाचा? शेतीचा पंप रात्री चालला तरी पिकाची तक्रार नसते. म्हणून शेतीची वीज पाळीपाळीने रात्री देण्यात येऊ लागली. यंत्रांना मागणीप्रमाणे वळता येत नव्हते, म्हणून माणसांना यंत्रांप्रमाणे वळावे लागले. देशाच्या विजेचा तोल सांभाळण्याचा काही भार बीबीच्या थंडीत बॅटरी धरून उभ्या असलेल्या त्या मुलाच्या खांद्यावर येऊन पडला होता, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

माणसांवरील हा भार कमी करावयाचा असेल, तर जाळ्यात काही चपळ केंद्रे असावयास हवीत. हाक मारताच धावून येणारी आणि काम संपताच थांबणारी. अशा केंद्रांत जलविद्युत केंद्राचा मान मोठा आहे. महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोयना प्रकल्प होय. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयना नदीवर 103 मीटर उंचीचे धरण बांधून शिवसागर हा जलाशय निर्माण केला आहे. वास्तविक ही नदी पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. परंतु अभियंत्यांनी सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खणून तिचे पाणी पश्चिमेकडे कोकणात उतरविले. उंचावरून झेपावणाऱ्या त्या पाण्याच्या जोरावर टर्बाइन फिरतात. 1962 मध्ये कोयनेची वीज प्रथम निर्माण झाली. पुढे एकेक टप्पा वाढत गेला आणि आज प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॅट आहे. त्यातील 1000 मेगावॅट एकट्या चौथ्या टप्प्याचे आहेत. तेथे जमिनीखालील दालनात प्रत्येकी 250 मेगावॅटांची चार यंत्रे बसविलेली आहेत.

येथे काही पेटवावयाचे नाही, की तापवावयाचे नाही. झडप उघडली की पाणी येते आणि काही मिनिटांत यंत्र पूर्ण शक्तीने वीज देऊ लागते. झडप मिटली की ते थांबते. सायंकाळी मागणी उसळली की कोयनेला हाक जाते.

मग सदैव कोयनाच का चालवू नये, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर पाण्यात आहे. जलाशयात सुमारे 105 अब्ज घनफूट पाणी मावते. पण ते पाणी कृष्णेच्या खोऱ्याचे आहे, आणि खाली राहणाऱ्या शेतकऱ्यांचाही त्यावर हक्क आहे. म्हणून कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे नेण्याच्या पाण्याला वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. आज अनावश्यक वेळी सोडलेले पाणी वैशाखातील सायंकाळी मिळणार नाही. घरातील कर्ती बाई उन्हाळ्यात रांजणातील पाणी जसे जपून काढते, तसेच कोयनेचे पाणी जपून आणि नेमक्या वेळी वापरावे लागते.

चपळ केंद्रांची योग्यता किती मोठी, हे 5 एप्रिल 2020 च्या रात्री सर्वांना दिसून आले. कोरोनाच्या साथीचे ते दिवस. त्या रविवारी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरांतील दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे आवाहन देशभर करण्यात आले होते. कोट्यवधी घरांतील दिवे एकदम मालवले जाणार आणि नऊ मिनिटांनी एकदम लागणार! गाड्याला अचानक मोठा उतार आणि लगेच मोठा चढ लागावा, तसा हा प्रसंग होता. अभियंत्यांनी आधीच योजना आखली. कोळशाच्या केंद्रांची निर्मिती अगोदरच कमी करून ठेवली आणि त्यांची जागा जलविद्युत केंद्रांनी भरून काढली. नऊ वाजण्याच्या सुमारास मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटांनी खाली आली. तिच्याबरोबर जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती 17 हजार मेगावॅटांहून अधिक घटविली, आणि दिवे पुन्हा लागू लागताच ती वाढविली. वारंवारता 49.70 आणि 50.26 यांच्या दरम्यान राहिली. कोठेही जाळे कोसळले नाही. घरोघर लोक पणत्या लावीत होते तेव्हा पडद्याआड केवढे काम चालले होते, याची अनेकांना कल्पनाही नव्हती.

अलीकडे या गोष्टीला निराळे महत्त्व आले आहे. महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. उन्हावर वीज निर्माण करावयाची आणि ती दिवसा शेतीच्या पंपांना द्यावयाची, हा तिचा हेतू. गव्हाला दिवसा पाणी देता आले, तर कोणत्या शेतकऱ्याला आनंद होणार नाही? वऱ्हाडाला उन्हाची तर मुळीच उणीव नाही!

परंतु सूर्याचे एक वेळापत्रक आहे आणि ते आपल्या सांगण्याने बदलत नाही. भर दुपारी सौरवीज भरपूर असते. दिवस कलला की ती ओसरू लागते आणि सूर्यास्ताबरोबर नाहीशी होते. नेमकी तीच वेळ घरोघर दिवे लागण्याची. एकीकडे निर्मिती झपाट्याने उतरते आणि दुसरीकडे मागणी चढते. ही दुहेरी तफावत एक-दोन तासांत भरून काढावी लागते. म्हणजे पूर्वी अडचणीची होती ती रात्र. आता कठीण झाली आहे ती सायंकाळ. सौरवीज जितकी वाढेल, तितकी चपळ केंद्रांची गरजही वाढेल.

यावर एक युक्ती म्हणजे पाण्याच्या रूपाने वीज साठविणे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात घाटघर येथे असा प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आणि खाली ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात चोंढे येथे दुसरा, अशी त्याची रचना आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवावयाचे आणि वीज कमी पडेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॅटांपर्यंत वीज मिळवावयाची. पाणी चढविताना चार भाग वीज खर्चावी, तेव्हा उतरताना सुमारे तीन भाग परत मिळते, असे अशा प्रकल्पांचे साधारण मान आहे. हा तोटा आहे खरा. परंतु गरज नसताना वाया जाणारी वीज गरजेच्या वेळी हाती येते, हा लाभ त्याहून मोठा आहे. पूर्वी अशा प्रकल्पांचे पाणी बहुधा रात्री चढवीत. आता दुपारची सौरवीज या कामी लावता येते. मोठमोठ्या विद्युतघटांत काही तासांपुरती वीज साठविण्याचे उपायही आता पुढे येत आहेत. नैसर्गिक वायूवर चालणारी टर्बाइनेही कोळशाच्या केंद्रांपेक्षा लवकर सुरू होतात. रायगड जिल्ह्यात उरण येथे असे केंद्र आहे.

यावर कोणी विचारील, जे केंद्र दिवसाचे चारच तास चालावयाचे, त्यावर इतका पैसा का खर्च करावा? प्रश्न रास्त आहे. परंतु आपले वडील पेरणी झाल्यावरही थोडे बियाणे राखून ठेवतात, ते कशासाठी? पाऊस ओढ देतो, पेर फुकट जाते, आणि मग दुबार पेरणीला तेच बियाणे कामी येते. पाऊस वेळेवर आला त्या वर्षी ते बियाणे फुकट राखले असे कोणी म्हणत नाही. राखीव वीजकेंद्राचेही तसेच आहे. त्याचे मोल ते किती तास चालले यावरून ठरत नाही. नेमक्या वेळी ते उभे राहिले की नाही, यावरून ठरते. आणि असे केंद्र एका रात्रीत उभे राहत नाही. धरण, बोगदे, यंत्रे यांना वर्षानुवर्षे लागतात. म्हणून पाच-दहा वर्षांनंतर सायंकाळी किती वीज लागेल, याचा हिशेब आजच मांडून तयारीला लागावे लागते.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याचीही मुले कदाचित शाळेत जात असतील. दिवसा वीज मिळाली, तर त्यांना वडिलांबरोबर रात्री वावरात जावे लागणार नाही. परंतु केवळ तेवढ्याने भागणार नाही. सायंकाळी दिवा स्थिर जळावा, पुस्तक उघडून बसलेल्या मुलाचा धडा अर्ध्यावर राहू नये, हेही तितकेच अगत्याचे आहे. दुपारच्या उन्हाने वावरात पाणी खेळवावे आणि दिवेलागणीला कोयनेसारख्या केंद्रांनी धावून यावे, असा मेळ जमला म्हणजे दोन्ही गोष्टी साधतील.

आज सायंकाळी बटन दाबाल, तेव्हा क्षणभर थांबून विचार करा. तुमचा दिवा लागावा म्हणून त्याच क्षणी सह्याद्रीच्या पोटात कोठेतरी पाण्याची एक झडप किंचित उघडली गेली असेल. आणि कारण नसताना जळणारा एखादा दिवा दिसला तर तो मालवून टाका. तेवढेच पाणी कोण्या दुसऱ्याच्या सायंकाळसाठी शिल्लक राहील.